मंगळवारची खोली

युसूफ वडगाव या गावच्या बुद्धविहारात समाधानइतका गोड आवाज कुणाचा नव्हता, आणि हीच त्याच्या घराची अडचण होऊन बसली होती. लग्न असो, पौर्णिमा असो, कुणाचं पुण्यानुमोदन असो, त्रिसरण-पंचशील म्हणायला माईक समाधानच्याच हातात यायचा. तो डोळे मिटायचा, हात जोडायचा आणि एकेक शील असं म्हणायचा की मागं बसलेल्या म्हाताऱ्या पदरानं डोळे पुसायच्या. पाचवं शील दारूपासून लांब राहण्याचं. तेही तो तितकंच गोड म्हणायचा. जवळ बसलेल्यांना तेव्हा त्याच्या तोंडाचा वास यायचा. पण वास माईकमधून जात नाही, म्हणून वस्तीनं बरीच वर्षं चालवून घेतलं.

चतुराबाई त्याची आई. साठीला टेकलेली, अजून दुसऱ्याच्या रानात कामाला जाणारी. नवरा आश्रुबा जाऊन नऊ वर्षं झाली. आश्रुबानं जन्मात दारूला हात लावला नाही, त्यामुळं दारुड्याचं काय करायचं असतं हे तिला ठाऊकच नव्हतं. पोरगा प्यायला लागला तेव्हा ती आधी रागावली, मग रडली, मग दोन दिवस उपाशी राहिली, आणि शेवटी एका बाबाकडून पुडी आणून तिनं ती त्याच्या चहात टाकली. पुडीनं समाधानला दोन दिवस जुलाब झाले. तिसऱ्या दिवशी अशक्तपणा आला म्हणून तो प्याला.

समाधान गवंडी होता. हात असा की ओळंबा सोडायच्या आधीच भिंत सरळ उभी राहायची. बायको दीपमाला त्याच्याच हाताखाली बिगारी. ती माल कालवायची, घमेलं वर द्यायची, तो विटा लावायचा. पण अलीकडं सकाळी त्याचे हात इतके थरथरायचे की थापीवरचा माल खाली सांडायचा. मग तो "आलोच" म्हणून जायचा आणि परत यायचा तेव्हा हात थांबलेले असायचे. दीपमाला काही बोलायची नाही. बोलली तर समाधान म्हणायचा, "मी पेलो न्हाई." समोर उभं राहून, तोंडाचा भपकारा सोडत म्हणायचा.

संक्रांतीच्या पुढच्या आठवड्यात विठ्ठलरावांच्या घरावर वरचा मजला चालू होता. परांचीवर उभ्या समाधानच्या हातातून वीट निसटली आणि खाली घमेलं घेऊन उभ्या असलेल्या दीपमालाच्या पायावर पडली. पावलाची दोन हाडं मोडली. विठ्ठलराव ओरडत आले. त्यांनी आधी पाय बघितला, मग भिंत बघितली. भिंत चार बोटं तरी बाहेर गेली होती. दीपमालाला जीपमध्ये घालून केजला नेलं, पण समाधानला तिच्याबरोबर जाता आलं नाही. विठ्ठलरावांनी सगळ्या मजुरांसमोर त्याच्याच हातानं ती भिंत पाडायला लावली.

"मी पेलो न्हाई," संध्याकाळी तो आईला म्हणाला. "वीट वली व्हती."

दीपमाला दवाखान्यातून वडगावला आलीच नाही. सात वर्षांच्या लेकीला, यशोधराला घेऊन ती धारूरला माहेरी गेली. इकडं विहारात पौर्णिमेला माईक अंगणवाडीच्या मनिषाताईंच्या हातात गेला. समाधान मागं चपलांजवळ बसून हलक्या आवाजात त्यांच्या चुका सुधारत राहिला.

महिन्याभरानं दीपमालाच्या भावाचा, प्रविणचा फोन आला. तो धारूरला एका मेडिकलवर कामाला होता.

"मावशी, केजला दर मंगळवारी चार वाजता मीटिंग असती. दारू सोडणाऱ्यांची. आमच्याकडं येणारा एकजण तिथं जाऊनच सुटला. दाजीला धाडा. आन गेल्याचा कागद आणा, सही-शिक्क्याचा. महिन्याच्या शेवटच्या आयतवारी आमी बैठक धरलीय. कागद आसंल तर पुढचं बगू, न्हाईतर फारकतीचं बोलावं लागंल."

सही-शिक्क्याचा कागद हे चतुराबाईला एकदम पटलं. जन्माचा दाखला असतो, मेल्याचा असतो, जातीचा असतो, रहिवासाचा असतो. तसा दारू सोडत असल्याचाही असेल. तो आणायचा आणि सून-नात घरी आणायची. बऱ्याच दिवसांनी तिला भाकर गोड लागली.

पहिल्या मंगळवारी ज्वारीची काढणी ऐन भरात होती. तिनं मालकिणीची बोलणी खाल्ली आणि खाडा केला. समाधाननं अंघोळ केली, विहारात घालायचा पांढरा सदरा घातला. सोमवार संध्याकाळपासून तो प्यालेला नव्हता. जीपमध्ये त्याचे गुडघे हलत होते आणि कपाळावरून घाम गळत होता. चतुराबाईनं पदरानं तो पुसला. शेजारची बाई म्हणाली, "ताप हाय व्हय?" चतुराबाई हो म्हणाली.

प्रविणनं पत्ता सांगितला होता, जुन्या शाळेच्या मागची खोली. पण केजमध्ये जुन्या शाळा दोन-तीन निघाल्या. दारू हा शब्द तोंडातून काढायचा नाही, असं चतुराबाईनं घरूनच ठरवलं होतं.

"मीटिंग कुठं हाय हो?" तिनं चहावाल्याला विचारलं.

"कशाची मीटिंग? बचत गटाची?"

"न्हाई. आजाराची."

"कसला आजार?"

चहावाल्यानं समाधानकडं बघितलं. समाधाननं ग्लास दोन्ही हातांनी धरला होता, तरी चहा बोटांवर सांडत होता. चहावाला जरा मऊ आवाजात म्हणाला, "पलीकडच्या गल्लीत बगा. त्यांला पाटी नसती बरं का. मुद्दाम लावत न्हाईत."

पलीकडच्या गल्लीत खोली होती आणि खोलीला कुलूप होतं. ओट्यावर एक बाई मिरच्यांची देठं खुडत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "ते गेले हितून. दोन मंगळवार झाले. मालकानं खोली मागितली."

"कुठं गेले?"

"म्या काय सांगावं बाई? कोण येतं, कोण जातं, नावं बी घेत न्हाईत एकमेकाची धड."

चतुराबाईनं प्रविणला फोन लावला. त्यानं उचलला नाही. ती त्या कुलपाकडं बघत राहिली. वाट दाखवणारं कुणी नाही, विचारायला तोंड नाही, आणि पोराच्या अंगातलं पाणी तर घामावाटे चाललेलं. तिला तिथंच बसून रडावंसं वाटलं.

"माय, मी आलतो का न्हाई?" समाधान म्हणाला. "आलतो. खोलीच न्हाई तर माजी काय चूक?" त्याचा चेहरा एकदम हलका झाला होता, आणि तो हलकेपणा तिला कुलपापेक्षा जास्त लागला. "थांब हितंच. लघवीला जाऊन येतो."

ती उन्हं कलेपर्यंत थांबली. तो आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या सटवानं त्याला मोटारसायकलवर आणून दारात उतरवलं. पांढरा सदरा गटारीच्या पाण्यानं काळा झाला होता. चतुराबाईनं तो दोनदा धुतला आणि मग कामाला गेली.

पुढचा मंगळवार येईपर्यंत प्रविणनं नवा पत्ता काढून दिला. पाण्याच्या टाकीजवळ, पिठाच्या गिरणीच्या वर. येत्या रविवारी बैठक होती, म्हणजे हाच एक मंगळवार हातात होता. आणि त्याच दिवशी सकाळी उठून बघते तर समाधान अंथरुणात नाही. दुपारी सटवा सांगत आला, "काकू, पुलाखालच्या बाभळीजवळ पडलाय. उठवलं तर शिव्या देतोय."

चतुराबाईनं थोडा वेळ विचार केला. मग पत्र्याची पेटी उघडून समाधानचं आधार कार्ड, त्याची झेरॉक्स आणि दोन फोटो काढून पिशवीत टाकले. रोजगार हमीच्या हजेरीला, ग्रामसभेला, यशोधराच्या शाळेतल्या पालकसभेला घरातलं कुणीही गेलं तरी चालतं. एकजण गेला की घर हजर. अंगठा उठवला की झालं. समाधानच्या जागी आपण जायचं, असं तिनं ठरवलं, आणि त्यात काही चूक आहे असं तिच्या मनातही आलं नाही.

गिरणीच्या बाजूनं लोखंडी जिना होता. कठडा धरत ती वर पोचली. खोलीत सात-आठ प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडलेल्या, कोपऱ्यात चहाचा थर्मास. सगळी पुरुषमाणसं. खालच्या गिरणीनं फरशी थरथरत होती. पन्नाशीचा एक जाडसर माणूस उठून पुढं आला. त्याचं नाव त्रिंबक, खोलीचं सगळं तोच बघायचा.

"या मावशी. कुणाला हुडकता?"

चतुराबाईनं कागद पुढं केले. "समाधान आश्रुबा ओव्हाळ, राहणार—"

"आडनाव नगा सांगू," त्रिंबकनं हात वर केला. "गाव बी नगं. हितं त्यातलं कायच लागत न्हाई."

चतुराबाई चकित होऊन त्याच्याकडं बघत राहिली. साठ वर्षांत तिला आडनाव न विचारता पाण्याचा तांब्या देणारी घरं ती बोटांवर मोजू शकली असती. आणि इथं ती स्वतःहून सांगत होती तर नको म्हणत होते.

"मंग आंगठा कुठं करायचा?"

"आंगठा न्हाई. समाधान कुठंय?"

"त्याच्या जागी मी आले."

खुर्च्यांवरचे दोघे हसले. त्रिंबक हसला नाही. "दुसऱ्याच्या जागी येता येत न्हाई, मावशी. त्याची दारू दुसऱ्या कुणी पेऊन भागती का?"

"भागत आसती तर मी पेले आसते, बाबा," ती म्हणाली.

एकानं उठून तिला खुर्ची दिली. मग त्यांनी सुरुवात केली. प्रत्येकजण आपलं नाव घ्यायचा आणि म्हणायचा, मी दारुडा आहे. "मी त्रिंबक. मी दारुडा हाय. अकरा वर्सं झाली, घेतली न्हाई." माणूस धडधाकट, सदरा इस्त्रीचा, आणि साखरेचा आजार सांगावा तसं सरळ सांगत होता. एकजण तर पोरीच्या लग्नात मांडवामागं पडलो होतो हेसुद्धा म्हणाला. बाकीच्यांनी नुसत्या माना हलवल्या. चतुराबाईला त्यांची लाज वाटायला हवी होती, पण तिला त्यांचा हेवा वाटला.

पाळी तिच्यापाशी आली. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"माजा ल्योक पेतो," ती म्हणाली. हे ती मोठ्यानं पहिल्यांदाच म्हणत होती. जीपमध्ये ताप म्हणाली होती, मालकिणीला पित्त म्हणाली होती. "कागद तेवढा द्या. सून यायची थांबलीय."

"द्या की लिहून दोन ओळी," एकजण म्हणाला. "म्हातारी कुठून कुठून आली."

"आन त्या कागदावर त्येच्या बायकोनं इस्वास ठिवला तर?" त्रिंबक म्हणाला. त्यानं फोटो आणि झेरॉक्स परत तिच्या पिशवीत ठेवले. "मावशी, त्याला आणा. पेऊन आला तरी चालंल. फकस्त येऊ द्या."

रविवारी ती धारूरला गेली. जीपमध्ये तिनं खोटं बोलायची तयारी केली होती. शिक्का मारणारा माणूस रजेवर आहे, असं सांगायचं. दीपमालाच्या आईनं, सरस्वतीबाईनं, अंगणात सतरंजी टाकली होती. प्रविण आणि चार जाणती माणसं बसली होती. यशोधरा धावत येऊन आजीच्या कमरेला बिलगली.

"आजी, पप्पाचा आवाज बसलाय का? फोनवर बोलतच न्हाईत."

"कामं लई हायेत त्यानला," चतुराबाई म्हणाली.

"जयभीम मावशी. आणला का कागद?" प्रविणनं विचारलं.

तेवढ्यात दीपमाला चहा घेऊन आली. प्लॅस्टर निघालं होतं, पण पाऊल अजून सुजलेलं. एका हातानं भिंत धरत, एका हातात ताट सांभाळत ती आली. ते पाऊल बघून चतुराबाईची तयारी गळून पडली.

"त्यो आला न्हाई," ती म्हणाली. "मी गेलते. त्याच्या जागी."

माणसं हसली. एकजण म्हणाला, "आता औषध बी तुमीच घ्या म्हणावं!" सरस्वतीबाईनं कपाळाला हात लावला. दीपमाला मात्र हसली नाही. ती उंबऱ्यावर बसली.

"आत्या, मला कागद नगं," ती म्हणाली. "आठ वर्सं झाली. तोंडाला वास, कपड्याला वास, आन म्हणायचं मी पेलो न्हाई. माजा पाय मोडला त्या दिशी बी तेच. लोकं म्हणतेत सोडू द्या, मी सोडा बी म्हणत न्हाई. सुटायची तवा सुटंल. तिथं जाऊन चार माणसात एकदा म्हणू द्या, मी दारू पेतो. म्हणलेल्या दिशी मी येते."

"आन न्हाई म्हणला तर?" प्रविण म्हणाला.

"मंग तुमी म्हणता तसं." तिनं सासूकडं बघितलं. "ह्या मंगळवारी. सहा वाजता मी फोन करते."

चतुराबाईनं ते सगळं घरी येऊन समाधानला सांगितलं. तो तिच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. रडताना त्याची पाठ हलत होती, आणि बरगड्या तिच्या हाताला लागत होत्या.

"म्हणतो, माय. त्यात काय? तीन तर शबूद हायेत."

"मंग म्हण बरं आता. माज्यापाशी."

"तिथं म्हणतो की."

मंगळवारी तो स्वतः उठला. वाटेत थोडी घेतली, हात थांबावेत म्हणून, एवढीच. चतुराबाईनं बघितलं आणि काही म्हटलं नाही. पिऊन आला तरी चालेल, असं त्रिंबकच म्हणाला होता. लोखंडी जिन्यावर ती मागं राहिली, तो पुढं. हा मध्येच माघारी वळला तर आपण अडवायचं, म्हणून ती मागं होती. पण तो वळला नाही. खोलीत जाऊन खुर्चीवर बसला. चतुराबाई दाराजवळ फरशीवर टेकली. तिच्या छातीत इतकं धडधडत होतं की गिरणी कुठली आणि छाती कुठली कळेना.

एकेकजण बोलत गेला. नाव, आणि मी दारुडा. समाधान मान खाली घालून ऐकत होता. त्याच्या शेजारच्याचं झालं. मग सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं.

बाकीचे बसून बोलले होते. समाधान उभा राहिला. त्यानं सदरा नीट केला, हात जोडले आणि डोळे मिटले.

"मी समाधान," तो म्हणाला आणि थांबला. मग त्यानं एक लांब श्वास घेतला, आणि त्या श्वासावरून चतुराबाईला काय होणार ते कळलं.

तो वंदना म्हणायला लागला.

आवाज बसला नव्हता. इतक्या दिवसांनी उलट जास्तच मोकळा झाला होता. पत्र्याच्या छताखाली तो भरून राहिला. दोघांनी हात जोडले. कोपऱ्यातला एक हात मोडलेला माणूस कुठल्यातरी विहारात जाणारा असावा. तो सवयीनं मागून हळू आवाजात म्हणायला लागला. त्रिंबकनं थांबवायला हात उचलला आणि मध्येच खाली घेतला. देवाधर्माचं चाललेलं मध्ये कसं तोडायचं? त्रिसरण झालं. पहिलं शील झालं, दुसरं झालं. प्रत्येक शील संपलं की चतुराबाईला वाटायचं, आता थांबेल, आता डोळे उघडून म्हणेल. चौथं खोटं न बोलण्याचं. तेही म्हणून झालं. पाचवं दारूचं. ते त्यानं नेहमीसारखं शेवटी लांबवलं, एक अक्षर न चुकता, आणि संपवून खाली बसला.

त्रिंबकनं आपली खुर्ची जरा पुढं ओढली.

"लई गोड आवाज हाय, दादा," त्रिंबक हळूच म्हणाला. "आता तुमचं सांगा."

"सांगितलं की."

"ते न्हाई. तुमचं."

समाधाननं दाराकडं, आईकडं बघितलं. शाळेत गुरुजींनी फळ्याजवळ उभं केल्यावर बघायचा तसा.

"मला एवढंच येतं," तो म्हणाला.

परतीच्या जीपमध्ये दोघांना मागं कडेला जागा मिळाली. उन्हं तांबडी झाली होती, दोन्ही बाजूंना काढलेल्या ज्वारीची रिकामी रानं पळत होती. समाधानचा चेहरा मोकळा होता.

"माय, आवाज बरा लागला का?"

"बरा लागला," चतुराबाई म्हणाली. खोटं नव्हतं ते. तिला स्वतःचा राग आला, कारण ऐकताना तिच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं.

सहा वाजता फोन वाजला. तिनं तो पिशवीतून काढला आणि हातात धरून ठेवला. वाजून वाजून थांबेल म्हणून वाट बघितली. थांबला आणि पुन्हा वाजायला लागला. तिनं उचलला.

"आत्या, म्हणले का?" दीपमाला म्हणाली. मागं यशोधराचा आवाज येत होता. पिशव्या कुठं ठेवायच्या, असं काहीतरी ती विचारत होती.

हो म्हणावं तर सून उद्या दारात उभी राहील, आणि परवा तिला कळेल. नाही म्हणावं तर जीभ उचलत नव्हती. तिनं फोन समाधानच्या हातात दिला. "तूच सांग तिला, लेकरा," ती म्हणाली. "अजून बी सांग."

समाधाननं फोन कानाला लावला. पाठ ताठ केली, घसा साफ केला.

"दीपमाला," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज विहारातल्यासारखा मऊ झाला. "तुजी शप्पत घेऊन सांगतो. मी पेत न्हाई."

समाधान फोन कानाला धरून बसून होता. मग त्यानं तो डोळ्यांसमोर धरून बघितला आणि आईला परत दिला.

"कटला," तो म्हणाला. "हितं रेंज न्हाई वाटतं."

चतुराबाईनं फोन घेतला. रेंजच्या चारही काड्या उभ्या होत्या.